सतरा नंबरच्या बेडचं रक्त

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली तरी माझा राग उतरलेला नाही. तुमच्या खुर्चीत बसायला लागल्यापासून तर तो वाढलाच आहे. आज राउंडला एका रेसिडेंट मुलीनं पेशंटला गोळ्यांबद्दल विचारलंच नव्हतं. मी तिच्यावर ओरडले, आणि ओरडताना मला तुमचाच आवाज ऐकू आला.

माझं पहिलं वर्ष. किडनीच्या वॉर्डात माढ्याकडची एक बाई आली आहे, चेहरा सुजलेला, लघवी कमी. मी केसपेपर भरलाय, रक्तदाब, साखर, सगळं सुवाच्य लिहून मनात खूश आहे. तुम्ही तो वाचता, तिच्या कॉटवर टेकता आणि विचारता, "मावशी, गुडघे दुखतात का?" "लई दुखत्यात की," म्हणत ती कमरेची पिशवी सोडते आणि दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं काढून दाखवते. दोन वर्षं, रोज दोन. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "गोळ्यांनी हिची किडनी खाल्ली आणि तू साखर लिहीत बसलीस? डॉक्टर आहेस का कारकून?" सगळा वॉर्ड ऐकत होता. शेवटी ती बाईच मध्ये पडली. "सायब, लेकरावर कशाला वरडता? म्याच बोलले न्हाय. गुडघ्याची गोळी कुटं सांगायची असती व्हय?" मी जिन्यात जाऊन रडले. पण त्यानंतर एकाही पेशंटला तो प्रश्न विचारायचा सोडला नाही. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे, हे रागातही कबूल करते.

आणि तुम्ही काय केलंत? मी तिसऱ्या वर्षाला होते. ओपीडी संपल्यावर तुम्ही मला खोलीत बोलावलंत, बाही वर केलीत आणि म्हणालात, "रक्त काढ." मी काढलं. नळीवर नाव लिहायला पेन उघडलं, तर म्हणालात, "सतरा नंबरच्या नावानं पाठव." सतरा नंबरचा पेशंट सकाळीच घरी गेला होता. लॅबमध्ये कुजबुज नको म्हणून मोठे डॉक्टर असं करतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. संध्याकाळी रिपोर्टही मीच आणला. क्रिएटिनीन साडेचार, जे एकच्या आसपास असायला हवं. किडनी निम्म्याहून अधिक गेली होती. तुमच्या टेबलाच्या खणात पाठदुखीच्या गोळ्या असायच्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही कागद पाहिलात, घडी घालून खिशात ठेवलात आणि विचारलंत, "उद्याच्या क्लासची तयारी झाली?" मी म्हटलं, झाली.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! किती जणांना तुम्ही हात धरून डायलिसिसला बसवलंत, "घाबरू नका, माणूस यावर वर्षानुवर्षं जगतो" म्हणालात. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र विद्यार्थ्यांसमोर त्या मशीनला जोडून घ्यायची तुम्हाला लाज वाटली. आमच्याकडे नाही, दुसऱ्या गावातही नाही, डायलिसिस घेतलंच नाहीत. दोन वर्षांत गेलात. एवढा कसला ताठा होता, सर? तुमच्या दहाव्याला काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही एवढी शिकलेली मुलं रोज त्यांच्यासोबत होतात. एकालाही काही दिसलं नाही का गं?"

दरवर्षी नव्या रेसिडेंटना मी हा प्रसंग सांगते, तुमचं नाव न घेता. "सरांचा धाकच असा होता की विचारायची हिंमत झाली नाही," असं म्हणते आणि सगळं तुमच्यावर ढकलून मोकळी होते. काकू अजून सात रस्त्याजवळच राहतात. तुम्हाला लिहिलेला हा कागद त्यांना नेऊन द्यावा असं आज वाटलं. पण नेणार नाही, कारण त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर धाक हे नाहीच. त्या संध्याकाळी खोलीत आपण दोघंच होतो आणि गोळ्यांचा तो प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण त्या आठवड्यात माझ्या प्रबंधावर तुमची सही व्हायची होती. तुम्ही चिडलात तर ती अडेल, म्हणून मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सही केलीत.