इथे दार वाजवत नाहीत

१२ ऑक्टोबर १९८७

पोचलो एकदाचा. नकाशात या गावाच्या वर आता फक्त समास उरला आहे.

बोट धक्क्याला लागताच तोरलाइफ नावाचा दाढीवाला पुढे आला. मासळीच्या कारखान्यातला मुकादम तोच आणि माझा घरमालकही तोच. माझी पेटी त्याने खांद्यावर टाकली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला की एवढा काटकुळा माणूस इथल्या वाऱ्यात उभा करायचा तर खिशात दगड भरावे लागतील. मी म्हटलं, पुस्तकं आणली आहेत, तीच भरतो. तो खदाखदा हसला. वर्षभर त्यांच्या शाळेत बसून घोकलेली नॉर्वेजियन निदान विनोदापुरती तरी चालते म्हणायची.

घर पिवळं आहे आणि धक्क्याच्या सगळ्यांत जवळ. बाकी गाव मागे टेकडीवर. बाहेरचं दार उघडलं की बूट-कोट ठेवायची पडवी, मग स्वयंपाकघराचं दार, आत झोपायची खोली. मागे लाकडांची खोपी, तिला वेगळं दार. सरपण फोडून रचलेलं, गादीवर धुतलेल्या चादरी, टेबलावर गावातल्या बायकांनी झाकून ठेवलेली भांडी. सगळ्या भांड्यांत मासे. पुजाऱ्याच्या घरात जन्मून, जाफन्याच्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवून, पंचेचाळिशीत मी माशांच्या देशात येऊन पडलो आहे. मत्स्यावतार माझ्याकडे बघून हसत असणार.

माझ्याआधी इथे आमच्याच जाफन्याकडचा सेल्लैया राहायचा. तो दक्षिणेला गेला म्हणे. दक्षिणेला कुठे, असं विचारलं तर तोरलाइफ म्हणाला की दक्षिण मोठी आहे. खरंच आहे, इथून सगळं जगच दक्षिणेला.

बायको तिलगवती आणि मुलगी अभिरामी कोलंबोत मेहुण्याकडे आहेत. परदेशी लोकांचे कागद बघणाऱ्या साहेबाने मला बजावलं आहे: कुटुंब आणायचं तर नोकरी आणि घर, दोन्ही हलता कामा नयेत. घर सोडलं की अर्ज पडला. मी कशाला सोडतोय असलं घर?

२६ ऑक्टोबर

दिवसभर कॉड मासे कापतो. कापतो म्हणजे माझ्या वाट्याला आलेला कॉड शरमेनेच दोन तुकडे होतो. शेजारी यूरुन उभी असते, रुंद खांद्यांची, तोंडाळ बाई. ती मला मास्तर म्हणते. मास्तर, मासा मेलाय, त्याची क्षमा मागत बसू नकोस, असं आज सगळ्यांदेखत म्हणाली. कॉफीच्या वेळेपर्यंत तेच चाललं होतं.

एका गोष्टीची सवय होत नाही. इथे कुणी दार वाजवत नाही. सरळ आत येतात, दाराजवळच्या खुर्चीवर बसतात आणि बराच वेळ काहीच बोलत नाहीत. परवा मी न्हाणीतून पंचा गुंडाळून बाहेर आलो तर स्वयंपाकघरात यूरुन! हातात बटाट्यांची पिशवी. मी किंचाळलो. ती म्हणाली की पंचाला इस्त्री कर. मी रागावून म्हटलं, बाई, आमच्याकडे माणसं आधी दार वाजवतात. यावर ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. बटाटे ठेवून निघून गेली.

१ नोव्हेंबर

रविवार. सभ्यपणाचा धडा द्यावा म्हणून आज मी यूरुनच्या घरी गेलो आणि दार वाजवलं.

आत हसणं-खिदळणं चाललं होतं. ते कापल्यासारखं थांबलं. रेडिओ बंद झाला. मी पुन्हा वाजवलं. कुणी येईना. थंडीत नाक गळायची वेळ आली तेव्हा मीच दार लोटलं. यूरुन, तिचा नवरा, तोरलाइफ, सगळे टेबलाभोवती पांढरेफटक. मला बघून तोरलाइफने शिवी हासडली आणि मग सगळे हसले, पण गरजेपेक्षा फार मोठ्याने. त्याने मला कॉफी ओतली. मास्तर, पुन्हा असं करायचं नाही, दार उघडायचं आणि यायचं, असं तो मला म्हणाला. मी कारण विचारलं. पद्धत आहे, म्हणाला.

पद्धत. आमच्या पद्धती रानटी, यांच्या त्या पद्धती.

२४ नोव्हेंबर

सूर्य गेला. आता जानेवारीपर्यंत दुपारी निळसर धुरकट उजेड, बाकी काळोख.

आज जेवण करताना दार वाजलं. बाहेरचं. हळूच वाजवायचं, थांबायचं, पुन्हा हळूच. किती बरं वाटलं म्हणून सांगू! या दांडगट गावात कुणीतरी माझ्याकडून चार अक्षरं शिकलं. रसमची पळी हातात धरूनच मी सवयीने तमिळमध्ये ओरडलो, या, या, आत या.

कुणी आलं नाही. जाऊन बघतो तो पडवी रिकामी, बाहेरचं दार सताड उघडं, आणि फरशीवर पाण्याचं थारोळं. बाहेर थुंकी गोठते आहे आणि हे पाणी गोठलेलं नव्हतं. बोट लावून पाहिलं, खारं.

कारखान्यातल्या टवाळांची करामत असणार. आल्या पाहुण्याची टिंगल करणारे हे लोक. उद्या तोरलाइफला सांगतो.

२ डिसेंबर

सांगितलं. तो म्हणाला, वारा. मी म्हटलं, वारा थांबून थांबून वाजवत नाही. मग त्याने विचारलं की मी काही बोललो का. आत या म्हणालो, असं मी सांगितलं. कॉफीच्या खोलीत एकूण एक माणूस आपापल्या कपात बघू लागला.

त्या दिवसापासून माझ्याकडे कुणी येत नाही. न विचारता घुसणारे आता वाटेच्या टोकाला बटाटे ठेवून पळतात. यूरुनने जागा बदलून घेतली, ती मासे सरकवणाऱ्या पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला उभी असते.

आणि टकटक आता बाहेरच्या दारावर नाही. पडवीतून येते, स्वयंपाकघराच्या दारावर. मी कडी लावतो आणि मागच्या खोपीतून येजा करतो. स्वतःच्या घरात चोरासारखा! कोण आहे म्हणून ओरडलो की टकटक थांबते. ओरडणं संपलं की पुन्हा. कडी कधी हलत नाही. ढकलाढकली नाही. इतकं सभ्य या गावात कुणीही नाही.

१३ डिसेंबर

यूरुनला आज माशांची मुंडकी वाळत घालतात तिथे मांडवाखाली गाठलं. मी जाऊ देईना तेव्हा ती बोलली. तिने सांगितलं तसं लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

समुद्रात बुडून जे जातात ते सूर्य नसताना घरी येतात. त्यांना दार उघडता येत नाही, म्हणून वाजवतात. म्हणून जिवंत माणसाने वाजवायचं नाही, म्हणजे संशयच नको. आतून कुणी ये म्हटलं की तो आत येतो, हळूहळू, एकेक दार करत. आणि मग ये म्हणणारा समुद्रात जातो, वाजवणारा सुटतो. पुढच्या हिवाळ्यात नवा माणूस वाजवतो.

तिचा भाऊ कित्येक हिवाळे तिच्या दारावर वाजवत होता. आई मधल्या खोलीत उशी तोंडात कोंबून पडायची, म्हणाली. मग सेल्लैया आला. बिचारा किती गोड माणूस होता, कामाच्या कपाटात बायकोचा आणि मुलीचा फोटो, त्या यायच्या होत्या. तो या घरात राहिला, समुद्रावरून येताना पहिलं दार याच घराचं, आणि दार वाजलं तेव्हा त्याने ये म्हटलं. तिचा भाऊ त्यानंतर आला नाही. देवाची दया, असं म्हणून ती रडली.

देवाची दया! म्हणजे आता दार वाजवणारा आमचा आणि दार उघडणाराही आमचाच. अतिथीला देव मानावं हे पाळण्यात आम्हाला पाजलं. तेवढं या लोकांना बरोबर कळलं. गाव मोकळं झालं, शांत झोपतं. धुतलेल्या चादरी. झाकलेली भांडी. बोकडालाही आधी हार घालतात.

मी तिला म्हटलं की पहिल्याच दिवशी सांगायला तुझी जीभ झडली होती का. ती म्हणाली, मास्तर, तू चांगला माणूस निघशील हे तेव्हा कुठे माहीत होतं?

१५ डिसेंबर

तोरलाइफने नाकारलंसुद्धा नाही. सुरी पुसत शांतपणे म्हणाला की मासे कापायला माणूस कुठेही मिळतो. तुला इतक्या लांबून का बोलावलं असं तुला वाटलं? मी त्याची गचांडी धरली. त्याने माझे हात लहान मुलाचे सोडवावेत तसे सोडवले. दुसरं घर मागितलं. वसंतात बघू म्हणाला. आणि घर सोडलंस तर तुझ्या बायकोच्या कागदांचं काय, असंही विचारलं. कागद त्याला पाठ आहेत.

गावातल्या प्रत्येक दाराशी गेलो. वाजवलं नाही, त्यांची पद्धत पाळली, सरळ लोटलं. सगळ्या दारांना आतून कड्या. या गावात कड्या आहेत हे आज कळलं.

२९ डिसेंबर

आज त्याच्याशी बोललो. दाराला पाठ लावून. सेल्लैया, अण्णा, मी तुझ्याच मुलखातला, तुझ्या माझ्या विहिरींना एकच पाणी. मला सोड, वर टेकडीवर जा, त्यांची दारं वाजव, तुझा हक्क आहे तो! शिव्या घातल्या, पाया पडलो, मग पुन्हा शिव्या.

टकटक. थांबून. टकटक.

त्याच्यावर तरी किती रागावू? त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

५ जानेवारी

कारखान्यात ऑस्लोहून माझ्या मित्राचा, रासनायगमचा फोन. आनंदाने ओरडत होता. कागद लवकर मंजूर झाले. दोघी ऑस्लोला उतरल्या आणि मला चकित करायचं म्हणून त्याने काल त्यांना पुढे धाडूनसुद्धा दिलं. बोटीत आहेत.

मी म्हटलं, थांबव. तो म्हणाला, वेडा झालास काय, बायकोला भितोस?

पुढच्या बंदरांत फोन केले. वादळामुळे बोट कुठे आहे कुणाला माहीत नाही. मी धक्क्यावरच बसून राहतो म्हटलं. तोरलाइफ म्हणाला की गोठून मरशील, घरी जा. बोट आली की मी गाडी काढतो आणि दोघींना दारापर्यंत आणून सोडतो.

दारापर्यंत. हरामखोर.

७ जाने.

मागच्या बाजूने बर्फ छपरापर्यंत. खोपीचं दार गाडलं गेलं, खिडक्या गाडल्या. फावडं पडवीत. धक्क्यावर जायचं तर पडवीतून. दुसरी वाट नाही.

तो तिथे आहे. दाराखालून पाणी आत येतंय.

८

गाव झोपलंय. त्यांचे दिवे वर शांत असतील. माझ्या नावाने कॉफी पीत असतील. या सगळ्यांच्या पोटी —

नको. शाप द्यायलाही सभ्यपणा आडवा येतो. हाच तर आमचा रोग.

जर मी स्वतःच गेलो. तर पुढच्या हिवाळ्यात मी. वाजवेन तर तोरलाइफच्या दारावर, रोज — पण ते ये म्हणणार नाहीत. ये म्हणेल ती तिलगवती. माझं दार, माझी टकटक, ती कशी ओळखणार नाही —

म्हणजे मरायचीही सोय नाही.

९

भोंगा. बोटीचा. नक्की.

सुरी घेतली आहे. कुणाला मारणार आहे मी? मेलेल्याला?

दार उघडतो आणि त्याच्या अंगावरून — कडी हलत नाही. ओल गोठून बसली आहे. ठोकतोय. तो पलीकडून वाजवतोय, मी अलीकडून. हसू आलं, देवाशप्पथ.

गाडी आली. थांबली. गेली. उतरवून गेला. एक पाऊल पुढे नाही टाकलं —

बाहेरचं दार वाजलं.

बाहेरचं. हळू. थांबून. पुन्हा.

अभिरामी आहे. बोर्डिंगात नन्सनी शिकवलंय. वाजवायचं आणि आतून कुणी ये म्हणेपर्यंत उभं राहायचं. आम्हीच कौतुक केलं तिचं —

ओरडलो. येऊ नकोस, माघारी जा, आईला घेऊन टेकडीवर — वारा. काही पोचत नाही.

स्वयंपाकघराच्या दारावरची टकटक थांबली.

वळला तो. ओले पाय. बाहेरच्या दाराकडे —

सेल्लैया, ती तुझी नाही. अण्णा, ऐक, तुझी नाही रे ती, माझी आहे, माझी —

कडी निम्मी —

बोलतोय. पहिल्यांदाच. आमच्याच बोलीत, किती मायेने. म्हणतोय, ये गं माझे आई, ये, किती वाट पाहायला लाव