रंग सांडले ते साडूचेच

३ मार्च
साडू आमच्याच ऑफिसात रुजू झाला. माझ्याच सेक्शनला, शेजारच्याच टेबलावर. सासरी तोंड बघावं लागतं तेवढं पुरे नव्हतं का? हिला मात्र आनंद. म्हणाली, आता डबे एकत्र खा. मी डबा एकटाच खातो.

५ मार्च
साहेबांनी दोघांना एकच काम दिलं. उपग्रहाने टिपलेली एकाच शहराची दोन चित्रं: एक काळंपांढरं पण रेखीव, दुसरं रंगीत पण धूसर. दोन्ही मिसळून एकच करायचं, रेखीवही आणि रंगीतही. ज्याचं सरस, तो नव्या प्रोजेक्टचा प्रमुख. म्हणजे मीच. साडूचं मन राखायला त्यालाही दिलं असणार.

९ मार्च
साडू अजून एक चित्र दुसऱ्यावर बसवतोय. रस्त्यावर रस्ता, बांधावर बांध. गोगलगाय. मी ती पायरी गाळली. माझ्या नजरेला जुळलेलं दिसतंय. लगेच रंग ताणून गडद केले. शहराचा मधला भाग असा खुलला की शिपाईसुद्धा थांबला. (पाणी ठेवायला. पण थांबला.)

१० मार्च, दुपार
साडूने विचारलं, दादा, कडेचा भाग तपासलात का? जळतो लेकाचा. म्हटलं, कडा कोण बघतो. मी त्याच्यावर जळत नाही. फक्त त्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.

१२ मार्च
ही बहिणीशी फोनवर. साडू घरी भांडी घासतो म्हणे. संकल्प: उद्यापासून मीही.

१३ मार्च
कंबर धरली. भांडी प्रमुख झाल्यावर.

१६ मार्च
मीटिंग. साहेबांनी दोन्ही चित्रांचा कडेचा एकेक तुकडा छापून भिंतीवर लावला. नावं नाहीत, नुसतं 'अ' आणि 'ब'. सगळ्यांनी सही करून चिठ्ठी द्यायची, आम्ही दोघांनीही. 'अ' बघताच ओळखलं, हा साडू. शेताचा हिरवा रस्त्यावर सांडलेला, तळ्याचा निळा काठाबाहेर, छपरं भडक. उभा राहून सगळं सांगितलं. म्हटलं, करणाऱ्याला डोळे आहेत की बटणं? याला प्रोजेक्ट सोडाच, रंगपेटीही देऊ नका. साडू मान खाली घालून बसला होता. कीव आली. 'ब'ला मत दिलं.

तोच दिवस, संध्याकाळ
'अ' माझं होतं.
प्रमुख साडू. साहेब म्हणाले, माझ्या भाषणानंतर कुणाला शंकाच उरली नाही. 'अ'ला एकच मत पडलं. साडूचं.