नदीपल्याडची सडक

शिवशंकरदादास शालूचा नमस्कार.

तुमी फोनवर "मानवतला माहेरी कधी येतीस?" म्हणून विचारलं, तवा मी पुराचं कारण सांगितलं. खरं ते हितं लिहायलेय.

जिल्हा फुटला तवा नदी हद्द झाली. आमचं गाव परभणीत राहिलं, अन् दवाखाना, पक्की सडक नदीपल्याड दुसऱ्या जिल्ह्यात गेली. मागं सगळी काळी रानं, पावसात गुडघाभर चिखल. पूल मागितला की इकडचे साहेब तिकडं बोट दाखवतात, तिकडचे इकडं.

परवा सासूबाईंना धाप लागली. गूळ करायच्या काहिलीत बसवून मी अन् चुलत दिरानं त्यांना पल्याड नेलं. सुई दिल्यावर दम बसला, तशा त्या म्हणाल्या, "शालू, माजा ल्योक येडबा तर देवाघरी गेला. तू कशाला अडकून ऱ्हातीस? हितूनच यष्टी धर. भाऊ दुसरं घर बघून दील."

"अन् तुमी?"

"माजं काय? मी गावची हाय."

गाडी समोरच उभी होती, दादा. लय वाटलं चढावं. त्यांनी धरून ठेवलं असतं तर मी हात झटकून आले असते. त्यांनीच सोडलं, मग माझा पाय उचलंना. त्यांना घेऊन मी माघारी आले.

हे पत्र मी टाकणार न्हाई. वाचलं तर तुमी न्यायला याल, अन् तुमाला दारात बघून मी निघेन.

तुमची बहीण,
शालू