शनिवारचा लेखनवर्ग

६ जुलै १९७४, शनिवार
सकाळची शाळा सुटल्यावर सातवीचा लेखनवर्ग सुरू केला. मुले अकरा. हेतू : लिहिण्यात कॉन्फिडन्स यावा. ड्रिलमास्तर हिंदुराव म्हणाले, "सर, पोरास्नी जेवायला तरी सोडा की." या माणसाशी बोलणे बंद करावे. (यात मत्सर नाही ना? मन तपासले. नाही.) नीलम्माने 'आमची म्हैस' हा निबंध चार पाने लिहिला. चुका सत्तेचाळीस. एकूण एक वर्गात वाचून दाखवल्या. मुले खूप हसली. वातावरण खेळीमेळीचे.

१३ जुलै
नीलम्मा : दीड पान, चुका एकोणीस. निम्म्याहून कमी! मेथड बरोबर आहे. संकल्प : आवाज चढवायचा नाही. आज दोनदाच चढला, तोही मागच्या बाकावरच्या मल्लप्पामुळे.

२० जुलै
नीलम्माचे वडील शंकरप्पा वर्गाच्या दारात. म्हणे, "मास्तर, पोरगी घरातली समद्यांची पत्रं लिवायची. आता वही बघितली की पोटात दुखतंय म्हणती. असंच चाललं तर शाळा सोडवून मामाकडं धाडतो बघा." धमकी! ओवा द्या म्हणालो. मग वाटले, कठोर बोललो. मग वाटले, नाही. आज ओळी सहा, चुका चार.

२७ जुलै
नीलम्माने एकच वाक्य लिहिले : 'म्हैस उपयुक्त प्राणी आहे.' चुका शून्य! खाली तांबड्या शाईने 'उत्तम' लिहिले. ती रडली. आनंदाने असावी.

३० जुलै, मंगळवार
हेडमास्तर गुरुबसप्पांनी बोलावले. टेबलावर अर्ज : लेखनवर्ग बंद करावा. तीन पाने, अकरा सह्या, अक्षर नीलम्माचे. कुठेही अडखळलेली नाही. माझे वर्णन तर असे, की वाचताना कान तापले. तरी म्हणालो, पाहा, वर्गाचा परिणाम. हेडमास्तरांनी तिला बोलावून विचारले, लिहायला कुणी शिकवले? माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "कुणी न्हाय. सर ह्यो तपासनार न्हाईत ठावं हुतं, म्हनून जमलं."
वर्ग बंद. मुलीला शाळेतून काढू नका, चूक आमची, असे पत्र शंकरप्पांना मीच लिहायचे, हेडमास्तर वाचून पाहणार. स्टाफरूममध्ये तासभर बसलो. ओळ लिहावी, खोडावी. तीन कागद फाडले. हेडमास्तर वाचणार म्हटल्यावर हातच चालेना.
शेवटी हिंदुराव सांगत गेले, मी लिहून घेतले.