दहाव्याची वही

३ मे १९८३

अर्ज भरला! सहाव्यांदा! पोलिस ॲक्शननंतर गावात पहिली पंचायत झाली ती सत्तावन साली, तेव्हापासून सरपंच हेच. सव्वीस वर्षं. एवढी वर्षं तर निजामाचा तलाठीसुद्धा टिकला नाय.

सोबत शफीकभाई होते. उपसरपंच, पहिल्यापासून ह्यांच्या जोडीला. ओट्यावर चहा घेताना मला म्हणाले, "भाभी, काकासाहेबांच्या समोर उभा राहणारा अजून पैदा व्हायचाय." चार वाजता कळलं, पैदा झालाय. रामकिसन, दूध डेअरीचा सेक्रेटरी. पोरगा वाईट नाय. पण उभं राहायला हाच वॉर्ड सापडला का मेल्याला?

ह्यांना कडूबाची आठवण येत असेल. जाऊन चौथा दिवस. लंगोटीयार. एकही अर्ज कडूबाशिवाय भरला नव्हता.

५ मे

दहाव्याची वही काढली. कडूबाचं नाव लिहिलं. एकशे अठ्ठ्याऐंशीवं.

ह्यांची सगळी सरपंचकी ह्या वहीत आहे, लोकांना काय ठाऊक! गावात कुणी गेलं की मी लिहिते — तिथी, मागं कोण कोण, पोरगी कुठं दिली. हे निजामाच्या उर्दू शाळेतले. मी इंग्रजी मुलखातली, खानदेशची मराठी चौथी पास. म्हणून बाळबोध माझं. मी वाचून दाखवायचं, ह्यांनी उर्दूत चिठ्ठी करून कोटाच्या खिशात ठेवायची. विरोधकाचा असो, मांगवाड्यातला असो, एक दहावा चुकवला नाय. मुसलमानाचा चाळिसावा पण नाय. आणि प्रत्येक ठिकाणी आधी हे बोलणार, मग कडूबा. ठरलेलंच.

एसटीचे अर्ज पण माझ्याच हातचे. आठ वर्षं लिहीत होते. पासष्टला पहिली गाडी आली तेव्हा ह्यांनी मला पहिल्या सीटवर बसवलं, फर्दापूरपर्यंत. सगळ्या गावासमोर! मी लाजून मेले होते.

९ मे

कडूबाचा दहावा. काय लिहू!

नदीवर चांगले दोनशे लोक. आम्ही बाया अलीकडं बसलेलो. हे उठले. छान बोलले. बहात्तरच्या दुष्काळात दोघं खडी फोडायला लोकांबरोबर बसायचे, ते सांगितलं. मग उपरणं सावरून म्हणाले, "आता दोन शब्द कडूबा बोलतील."

कावळासुद्धा ओरडंना. मग कडूबाची बायको सारजाबाई हंबरडा फोडून रडली आणि तिच्यामागं सगळी नदी रडली. येताना जो तो म्हणत होता, काय बोलले काकासाहेब, असा दोस्त पाहिजे!

मी ह्यांच्याकडं बघत होते. हे माणसांत कडूबाला शोधत होते. उठत का नाय म्हणून जरा रागावले पण होते.

१० मे

कुणाला सांगितलं नाय.

१७ मे

चिन्हं मिळाली. ह्यांची छत्री, जुनीच. रामकिसनची कपबशी. शफीकभाई म्हणाले, आता चहा सोडावा लागणार. लई हसलो.

दुपारी ह्यांनी हाक मारली. "अगं, कागद घे. एसटीचा अर्ज लिहू. पोरांना फर्दापूरला शाळेत पायी जावं लागतं." बाहेर रस्त्यावर अडीचची गाडी उभी होती, हॉर्न देत.

मी कागद घेतला. मा. विभाग नियंत्रक साहेब, असं लिहिलं. दोन्ही बाजू भरल्या. ह्यांनी उर्दूत सही केली. अजून अक्षर कसं, मोत्यासारखं!

२२ मे

औरंगाबादला डॉक्टरकडं. ह्यांना सांगितलं, माझे गुडघे दाखवायचेत. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, विसरणं वाढत जाणार, मोठ्या कामाचा भार काढून घ्या.

येताना गाडीत हात धरून म्हणलं, बास झालं आता, अर्ज काढून घेऊ. म्हणाले, "पाण्याची टाकी पुरी होऊ दे. एक डाव." टाकीसाठी सहा वर्षं झिजलाय माणूस. आणि अर्ज काढायची तारीख पण गेलेली. मला ठाऊक होतं, तरी म्हणलं.

२९ मे

भीती पडण्याची नाय. भीती निवडून येण्याची. दहाव्याला लोक रडले. उद्या ग्रामसभेत असंच काही बोलले तर हसतील. परवा कुणी कोऱ्या कागदावर सही घेईल. मग पोरं पारावर बसून ह्यांची नक्कल करतील. सव्वीस वर्षांत ह्या माणसाला कुणी हसलं नाय. भांडले, शिव्या दिल्या, एकदा दगड पण मारला. हसलं नाय.

शफीकभाईला सांगावं का? नको. त्यांच्या मनातला काकासाहेब तसाच राहू दे.

५ जून

मतदान झालं. ह्यांनी शाळेच्या दारात सगळ्यांना रामराम केला. नावं मी मागून हळूच सांगत होते. एकही चुकलं नाय. कसे दिसत होते! नवं धोतर, ताठ मान. बघतच राहावं.

६ जून

पडले.

तहसीलला मोजणी. रामकिसन १४२, हे १४१. दोनदा मोजली. शफीकभाई पोरासारखे रडले.

संध्याकाळी अख्खं गाव दारात. गुलाल नाय, ताशा नाय. रामकिसननं स्वतःच्या गळ्यातला हार काढून ह्यांना घातला, पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, टाकीचं उद्घाटन तुमच्याच हातानं. बायका पदर डोळ्याला लावून उभ्या. असा मान जिंकणाऱ्याला तरी मिळतो का?

हे एवढी गप्प माणसं बघून माझ्याकडं वाकले. कानात म्हणाले, "अगं, कोण गेलं? वही आण."

मी म्हणलं, "कुणी गेलं नाय. तुम्ही घरी आलात."

९ जून

ते एक मत कुणी फिरवलं, गाव शोधतंय. शफीकभाईंचा वहीम डेअरीत दूध घालणाऱ्या पुंजारामवर. मी म्हणलं, त्या बिचाऱ्याचं नाव घेऊ नका.

सरळ कपबशीवर मीच मारला शिक्का.