मेलेल्या फोनांचा खण

पिंपळगाव राजा
मंगळवार, दुकान बंद केल्यावर

आज डोकंच फिरलं. आपल्या अंगणवाडीच्या सेविका सुनंदाताई स्वतःचा फुटक्या स्क्रीनचा फोन दुरुस्तीले घेऊन आल्या. त्याच मॉडेलचा मेलेला फोन माह्या टेबलाच्या खणात होता. गावातले लोकं बंद पडलेला फोन फेकत नाही, मले देऊन जातात, कोणाच्या तरी कामी येईन म्हणून. त्या खणावरच तर माहं दुकान इतके वर्षं चाललं.

त्याची स्क्रीन काढली, ताईच्या फोनले बसवली. कंपनीचीच, अस्सल. उजेड आला, चित्र आलं, अन् वर ओळ आली, 'अनोळखी भाग'. बोट लावलं तर फोन हालेच ना. कंपनीच्या सेंटरले फोन केला. तिथला माणूस म्हणे, "आमच्या कम्प्युटरवर त्या फोनशी जोडल्याशिवाय ती स्क्रीन चालणार नाही. अन् ती सोय आम्ही बाहेरच्या दुकानांना देत नाही."

बाहेरचा म्हणजे मी. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची स्क्रीन, मंग अनोळखी काऊन बे? पण ओरडू कोणावर?

ताई म्हणल्या, "उद्या गरोदर बायांचे फोटो या फोनात काढल्याबिगर त्याईच्या पोषण आहाराची नोंद होत नाही, भाऊ. त्या मलेच बोलतीन."

जाता जाता त्याईनं फोन माह्याकडंच सरकवला. "आता नवाच पाहा लागते. हा ठेवा तुमच्या खणात, कोणाच्या तरी कामी येईन."

मी खण उघडला अन् ठेवला. आता याचे भागबी दुसऱ्या फोनात 'अनोळखी'च ठरतीन, तो कोणाच्याच कामी येणार नाही.