एका एंजलमागे सहा बार्ब

रेशीमबाग, नागपूर
१२ जुलै १९७६

चि. इंदूस ईश्वरदादाचे अ. उ. आ.

उमरेडचे घर दसऱ्यापूर्वी रिकामे करावयाचे, म्हणून तू आणि तुझी नणंद यमुताई अशा दोघी माझ्याकडे कायमच्या राहावयास येणार, हा तुझा प्रस्ताव पोचला. तू अवश्य यावेस. यमुताईंबाबत मात्र माझा नकार आहे, आणि तो सप्रमाण आहे.

निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी मला माशांची काचेची टाकी दिली; तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवल्याचे ते फळ. तीत मी एक एंजल सोडला: चपटा, संथ, लांब पर मिरवणारा, एकंदरीत माझ्याच प्रकृतीचा. सोबतीला दोन पट्टेरी टायगर बार्ब. तिघांना पाणी एकाच उबेचे लागते, अन्न एकच, आणि कोणी कोणास गिळण्याइतका मोठा नाही. सबब तिघे सुखाने नांदतील, असा निष्कर्ष मी काढला. आठ दिवसांत बार्बांनी एंजलचे पर कुरतडून त्यांच्या चिंध्या केल्या. जेथे दोन भांडखोर, तेथे तिसऱ्याचे हाल. तुम्हा दोघींचे आजवर डाळीतल्या मिठावरही एकमत झालेले नाही, हे तुझ्याच पत्रांवरून सिद्ध होते. यमुताईंनी कामठीस पुतण्याकडे जावे.

लोभ आहेच, तो यमुताईंपर्यंत ताणू नये.

ईश्वरदास

उमरेड
१९ जुलै १९७६

ती. दादास इंदूचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र यमुताईले वाचून दाखवले. ती म्हणाली, की मले मासा म्हटले त्याचे काही वाटत नाही, पण मीठ मीच बरोबर टाकते हे दादाले कळवून दे वं. कामठीचा पुतण्या तिले व्हरांडा देऊन राहिला, तोही थंडी पडेपर्यंत.

आता तुमच्या टाकीचे. आपल्या घरी माग चालत, तेव्हा सुताच्या कांड्या भरायले बाया यायच्या. सहा-सात असल्या की दिवसभर आपसातच उणीदुणी काढायच्या. बाबांकडे कोणी पाहत नसे. दोघीच आल्या, की दोघी मिळून बाबांवर. तुम्ही तेव्हा पुस्तकात तोंड घालून बसायचे, तुम्हाले काहून दिसणार. दोन बार्ब कमी पडून राहिले, दादा. अजून चार आणा.

आणि मी एकटी आले तर भांडायले मले तुम्हीच उराल. कोणाचे पर जातील, ते तुम्हीच ठरवा. यमुताईले सोडून मी येणार नाही.

लोभ असेल तेवढा पाठवावा, आम्ही दोघींत वाटून घेऊ.

तुमची इंदू

रेशीमबाग, नागपूर
२९ ऑगस्ट १९७६

चि. इंदूस अ. उ. आ.

दोघांनी जे कुरतडले ते सहांनी तिप्पट कुरतडावे, हे कोणताही विद्यार्थी सांगेल. तुझी चूक पुराव्याने दाखवावी, केवळ याच हेतूने मी सीताबर्डीला महादेवरावांच्या दुकानातून आणखी चार बार्ब आणले.

आज पाच आठवडे झाले. सहाही जण सकाळपासून एकमेकांचा पाठलाग करतात, श्रेष्ठ कोण हे ठरवतात, आणि दुपारी ते पुन्हा नव्याने ठरवतात. एंजलकडे पाहण्यास कोणालाही फुरसत नाही. त्याचे पर पुन्हा वाढले आहेत. महादेवराव म्हणाले, की बार्ब सहाच्या खाली घेऊ नयेत हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. मला ते सांगणे त्यांना जमले नाही, कारण त्या दिवशी मीच बोलत होतो.

माझा तर्क निर्दोष होता. गृहीतक तेवढे चुकले. कोण किती भांडते हे मी मोजले, कोणाशी भांडते हे विचारले नाही. नकार मागे घेतो. दोघींनी यावे. अट एकच: भांडण आपसातच ठेवावे, आणि चुकून समेट झाल्यास मला आगाऊ लेखी कळवावे.

लोभाची मर्यादा वाढवली आहे.

ईश्वरदास

उमरेड
२४ सप्टेंबर १९७६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुमच्या अटीप्रमाणे लेखी कळवते. यमुताई इतकी वर्षे ज्यावर विणत होती तो माग विकला; मंगळवारी घेणाऱ्याने सुटा करून बैलगाडीत नेला. तेव्हापासून ती माझ्याशी भांडली नाही. काल मी मुद्दाम डाळीत दुप्पट मीठ टाकले. तिने गुपचूप खाल्ली.

सोमवारच्या सकाळच्या एसटीने येऊन राहिलो. दारात उभे राहा, आणि माझी विचारपूस नंतर करा. आधी तिच्याशी वाद काढा. कशावरही चालेल. तुम्हाले ते जमते.

यमुताईवर लोभ असावा, ही विनंती.

तुमची इंदू